राजेशाही वापरायची की नाही? माझ्याकडून ५ पैकी अडीच स्टार

आधी एक क्लिअर करतो, राजेशाही या एकाच नावाखाली दोन वेगळे माल खपतात. एक फुल पॉवरवाला, सौदी अरेबिया, आफ्रिकेतलं एस्वाटिनी वगैरे, राजा बोलेल तो कायदा. दुसरा घटनावाला, म्हणजे राजा सही करतो, फिती कापतो आणि सरकार निवडून आलेले लोक चालवतात. पहिल्याला एक स्टार, तोही उगाच.

कारण फुल पॉवरमध्ये क्वालिटी कंट्रोल नावाची गोष्टच नाही हो. इंग्लंडचा सहावा हेन्री १४२२ ला गादीवर आला तेव्हा नऊ महिन्यांचा होता, नऊ महिन्यांचा!! बरं मोठा होऊन तरी काय, १४५३ ला डोक्यावर परिणाम झाला, वर्षभर कुणाशी बोलेना, स्वतःचं तान्हं पोर समोर आणलं तरी ढिम्म, आणि इकडे भाऊबंदकी सुरू, १४५५ ला लढाया. कस्टमर केअर नाही, रिप्लेसमेंट हवी तर तलवार काढा.

घटनावाला माल मात्र खरंच भारी निघू शकतो. बेल्जियमचा १९९० चा किस्सा माझा फेवरेट. संसदेने गर्भपाताचा कायदा पास केला, राजा बोदुआँ म्हणे माझ्या मनाला पटत नाही, सही करणार नाही. मग मंत्रिमंडळाने काय करावं, राजा राज्य करायला असमर्थ आहे असं जाहीर केलं, त्याच्या जागी मंत्र्यांनीच सह्या ठोकल्या, कायदा लागू, आणि लगेच संसदेने साहेबांना परत गादीवर बसवलं. राजाला असमर्थ ठरवायचं घटनेतलं हेच कलम आधी त्याच्या वडिलांना लावलेलं, पण ते बिचारे जर्मनांच्या कैदेत होते, हा तर धडधाकट घरात बसलेला. ना दंगा ना धोपा. मला तर हसूच आलं वाचताना, पण सिस्टिम अशी पाहिजे.

आता कुणी म्हणेल राजा अडीअडचणीला कामी येतो. येतो कधीकधी. स्पेनमध्ये १९८१ ला बंडवाले संसदेत घुसले तेव्हा राजा हुआन कार्लोस रात्री युनिफॉर्म घालून टीव्हीवर आला, लोकशाहीच्या बाजूने ठाम बोलला, बंड बारगळलं. त्याच माणसाला पुढे हत्तीच्या शिकारीवरून जाहीर माफी मागावी लागली आणि २०१४ ला गादी सोडली. म्हणजे चांगला निघाला तर लॉटरी, आणि तिकीट आपण निवडायचं नाही.

त्यातल्या त्यात भूतानने बरं केलंय, २००८ च्या घटनेत लिहूनच टाकलं की ६५ वर्षांचा झाला की राजा रिटायर. मलेशियात नऊ राज्यांचे राजे-सुलतान आळीपाळीने पाच-पाच वर्षं देशाचा राजा होतात, हेही चालेल.

जपानचे स्टार मात्र कापले. सम्राटाला एकच मुलगी, आयको, आणि १९४७ चा कायदा म्हणतो गादी फक्त पुरुषालाच, म्हणून नंबर काकाचा, मग चुलतभावाचा. स्वीडनने हा नियम १९८० लाच बदललाय, यांचं अपडेट कुठे अडकलंय देव जाणे.