वाट फो : जेतवनाचे नाव मिरवणारे राजमंदिर

पुण्यातील ज्या यात्रा कंपनीबरोबर आम्ही बँकॉकला गेलो, तिने वाट फोसाठी जेमतेम पाऊण तास राखून ठेवला होता. तेवढ्या वेळात शयनमुद्रेतील बुद्धमूर्तीसमोर छायाचित्र निघते, मंदिर पाहून होत नाही. म्हणून मोकळ्या दिवशी मी आईला घेऊन मेट्रोने सनाम चाय स्थानकावर उतरलो आणि सबंध सकाळ तिथे घालवली.

मूर्ती भव्य आहे, यात शंकाच नाही. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे ७ मीटर लांब आहे, तर ही सोन्याचा वर्ख दिलेली मूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. खांबांच्या रांगेमुळे ती एका नजरेत मावत नाही. पावलांपाशी मात्र थांबावेच, कारण तळव्यांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ मंगलचिन्हे साकारली आहेत.

परंतु या मंदिराचे खरे वैभव मला त्याच्या शिलालेखांत दिसले. मंदिराच्या औपचारिक नावातील ‘चेतुफोन’ हा शब्द आपल्या ‘जेतवना’वरून आलेला आहे, आणि श्रावस्तीच्या त्या बुद्धकालीन विहाराप्रमाणे हेही विद्येचे स्थान व्हावे, अशीच जणू येथील योजना आहे. थायलंडचा राजा पहिला राम याने जुन्या विहाराच्या जागी हे मंदिर उभारले. त्याच्या अस्थी मुख्य सभागृहातील बुद्धमूर्तीच्या आसनाखाली आहेत. तिसऱ्या रामाने एकोणिसाव्या शतकात वैद्यक, साहित्य आणि धर्म यांचे ज्ञान संगमरवरी पाट्यांवर कोरून सर्वांसाठी खुले केले. युनेस्कोने २०११ मध्ये या लेखांची जागतिक स्मृती म्हणून नोंद केली. मानवी देहाच्या आकृत्यांवर मर्दनाचे बिंदू आणि रेषा दाखवणाऱ्या पाट्या पाहताना आईला बुद्धाच्या काळातील जीवक वैद्याची आठवण झाली; थायलंडमध्ये मर्दनविद्येचे जनकत्व त्यालाच देतात, हे ऐकून तिला फार आनंद झाला. आवारातच मर्दन करून घेण्याची सोय आहे, तिचे शुल्क वेगळे पडते. आईच्या दुखऱ्या पायांना त्याने चांगलाच आराम पडला.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत, सकाळी आठला दार उघडताच आत जावे, आणि लेख थाई भाषेत असल्याने जाणकार वाटाड्या अवश्य घ्यावा. मुख्य सभागृहाच्या कठड्याला बाहेरून रामकथेचे संगमरवरी शिल्पपट बसवले आहेत. वाटाड्याने काही सांगण्यापूर्वीच आईने त्यांतला हनुमान ओळखला आणि मग प्रत्येक पटापुढे थांबत तिने कठड्याची पूर्ण प्रदक्षिणा केली.