‘घरबसल्या कँडी ट्री बनवा’वाल्यांना पैसे भरण्याआधी हे वाचा

‘घरबसल्या कँडी ट्री बनवा. माल आमचा, विक्री आमची, मजुरी लगेच.’ अशी जाहिरात तुमच्या भिशीच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर आली असेल तर पैसे भरू नका. नाव वेगळं असेल, कँडी ट्रीऐवजी अगरबत्ती पॅकिंग नाहीतर मोत्यांची तोरणं असतील, पण सापळा हाच. मी साताऱ्याची. आमच्या बिल्डिंगमधल्या, जावेच्या ओळखीतल्या आणि माहेरकडच्या बऱ्याच बायकांचे पैसे यात गेले. माझेही गेले.

कँडी ट्री ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. छोट्या कुंडीत प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून काठी उभी करायची, काठीला सॅटिनची रिबन गुंडाळायची, वर बॉल बसवायचा आणि त्यावर रंगीत कागदातल्या गोळ्या इतक्या दाट लावायच्या की आतला बॉल दिसता कामा नये. कागदाला दोन्हीकडून पीळ असलेल्या गोळ्या सगळ्यात बऱ्या, त्या शेपटीत टाचणी घालता येते. बारसं, वाढदिवस, रुखवत, सगळीकडे लोक हौसेनं मांडतात. काम सुबक आहे, हाताला छान वळण लागतं. माझी तक्रार त्या झाडाबद्दल नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात स्टँडच्या बाजूला एका कॉम्प्लेक्समध्ये त्यांनी ऑफिस थाटलं. काचेचं दार, एसी, भिंतीवर फ्रेम केलेलं उद्यम नोंदणीचं सर्टिफिकेट. काउंटरवरची मुलगी प्रत्येकीला ते दाखवून ‘ताई, सरकारमान्य आहे’ म्हणायची. उद्यम नोंदणी कुणालाही ऑनलाइन, फुकट आणि स्वतःच दिलेल्या माहितीवर मिळते. धंदा खरा आहे की खोटा हे कुणी येऊन बघत नाही. त्यावरचा अशोकस्तंभ पाहून आपण मान डोलावतो, आणि ते तेवढ्यासाठीच टांगलेलं असतं.

पहिली किट दहा झाडांची. अनामत अडीच हजार, प्रत्येक पास झाडाला दीडशे रुपये मजुरी, अनामत तीन लॉटनंतर परत. मी दहा झाडं करून दिली. सगळी पास! आठवड्याच्या आत दीड हजार रुपये गुगल पेवर आले. पैसे कंपनीच्या खात्यावरून आले नव्हते, कुठल्याशा माणसाच्या वैयक्तिक खात्यावरून आले होते. मुलीनं माझा झाडांसकट फोटो काढला आणि म्हणाली, ‘ताई, स्टेटसला ठेवा ना, बाकीच्या ताईंनाही काम मिळेल.’ वर नवीन बाई आणली की पाचशे रुपये.

सगळी गोम या पहिल्या लॉटमध्ये आहे. अशा ठिकाणी पहिला लॉट कधीच नापास होत नाही. तुम्ही झाडं वाकडी केलीत तरी होत नाही. एका बाईला दीड हजार दिले की ती चार जणींना घेऊन येते, आणि त्या चौघींची अनामत दहा हजार होते. अजून एक गोष्ट लक्षात घ्या, माझे अडीच हजार त्यांच्याकडेच होते. म्हणजे मला मिळालेली मजुरी माझ्याच पैशातली होती, आणि तरी मी खूश होते.

मग मोठी किट. चाळीस झाडं, बारा हजार अनामत. ‘पहिली क्वालिटी बघून तुमची निवड झालीय’ असा फोन आला. असा फोन सगळ्यांना आला होता हे नंतर कळलं.

या किटमध्ये थर्माकोलचे बॉल होते आणि चिकटवायला गरम ग्लू गनच्या कांड्या. ज्यांनी हे काम केलंय त्यांच्या लगेच लक्षात येईल. गरम ग्लू थर्माकोलला लागला की थर्माकोल वितळतो, बॉलला खड्डे पडतात. पहिल्या किटमध्ये टाचण्या होत्या, दुसऱ्यात नव्हत्या. करारात मात्र ओळ होती: ‘बॉल पूर्ण गोल हवा, दहा टक्क्यांपेक्षा जास्त नग नापास झाल्यास संपूर्ण लॉट बाद.’ मी पदरच्या टाचण्या आणून काम निभावलं. माझ्या बॉलला खड्डे नव्हते. मग त्यांनी दुसरं काढलं. त्याच काउंटरवर त्याच मुलीनं एका झाडातली गोळी नखानं उचलून पाहिली आणि म्हणाली, ‘ताई, यात गॅप दिसतोय. क्वालिटी थोडी कमी पडली.’ जूनचे दिवस होते. दमट हवेत साखरेच्या गोळ्यांना पाझर फुटतो, कागद चिकटतो, हे पाऊस पाहिलेल्या कुणालाही माहीत असतं. त्यावरही शेरा मारला. चाळीसच्या चाळीस झाडं बाद, मजुरी शून्य, आणि अनामत ‘मालाच्या नुकसानीपोटी’ जमा.

घरी आल्यावर ‘लोभ नडला’ असं ऐकावं लागलं. पाठ मोडेपर्यंत बसून झाडामागे दीडशे रुपये मिळवण्याला लोभ म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

पुण्याला गेले तेव्हा रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन या किटचे भाव काढले. तीन इंची बॉल, प्लास्टिकची कुंडी, काठी, रिबन, प्लास्टर आणि झाडामागे तीसेक गोळ्या. होलसेलमध्ये चाळीस झाडांचं सामान दोन हजारांच्या आसपास बसतं. बारा हजारांतले दहा हजार त्यांच्या खिशात पहिल्याच दिवशी गेले होते. झाडं त्यांना नकोच होती.

हिशोब उलटाही करून बघा. पन्नास रुपयांचं सामान, दीडशे मजुरी, त्यावर वाहतूक, दुकानदाराचा फायदा. तीस गोळ्यांचं तळहाताएवढं झाड दुकानात चारशेच्या खाली विकताच येणार नाही. कोण घेणार? आमच्याकडच्या बायका असंच झाड घरून दोनशेला विकतात आणि तरी गिऱ्हाईक घासाघीस करतं. ‘आमचा माल मुंबईच्या मॉलला जातो’ असं ते सांगायचे. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, महाराष्ट्रात त्याहीआधी २०१८ मध्ये आली. थर्माकोलचं झाड कुठला मॉल राजरोस मांडेल?

कराराचंही सांगते. शंभरच्या स्टॅम्प पेपरवर होता. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्येच अशा करारांना पाचशेचा मुद्रांक झाला. सह्या फक्त आमच्या, त्यांच्या बाजूला नुसता गोल शिक्का. आणि आमची प्रत ‘साहेब आले की सही करून देतो’ म्हणून ठेवून घेतलेली. मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, तो पुढे उपयोगी पडला.

पैसे परत मागायला लागलो तसं दुसरं नाटक सुरू झालं. व्हॉट्सॲपवर ‘लीगल नोटीस’ आली. वर तराजू, खाली लाल शिक्का, मजकूर असा की कराराचा भंग केल्याबद्दल तुमच्यावर केस दाखल होत आहे, आज सहा वाजेपर्यंत पाच हजार भरले तर मिटवू. आमच्यातल्या दोघींनी घाबरून भरले, घरात न सांगता. बायांनो, कोर्टातली केस संध्याकाळी सहाच्या आत गुगल पेवर मिटत नाही. खऱ्या वकिलाच्या नोटिशीत त्याचं नाव, पत्ता असतो, आणि उत्तर द्यायला मुदत असते. असा मेसेज आला तर डिलीट करू नका, तोच पुरावा आहे.

ऑफिस पुढं बंदच झालं. पोलीस चौकीत आधी ‘हा तर दिवाणी मामला’ ऐकायला मिळालं. आम्ही एकेकट्या जात होतो तोवर तसंच चाललं. सगळ्या मिळून गेलो, प्रत्येकीच्या कराराचे फोटो, ट्रान्झॅक्शनचे स्क्रीनशॉट आणि धमकीचे मेसेज एकत्र लावले, तेव्हा अर्ज घेतला. एकीचा माल खराब निघू शकतो, सगळ्यांचाच दुसरा लॉट कसा नापास होतो, हा प्रश्न तिथल्या हवालदारसाहेबांनीच विचारला. जुनं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, तेही तिथंच कळलं. पैसे अजून आलेले नाहीत.

ज्यांचे पैसे नुकतेच गेलेत त्यांनी आधी १९३० ला फोन करा. हा आर्थिक सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी पैसे पुढच्या खात्यात थांबण्याची शक्यता. आमच्याकडून तिथं उशीर झाला, ‘साहेब सोमवारी येतील’ यात दिवस गेले. ते असंच सोमवारवर ढकलत राहतात. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तो रस्ताही आहे, फक्त समोरच्याचा खरा पत्ता लागतो. म्हणून पैसे भरायच्या आधी गाळामालकाला भेटा आणि भाडेकरार रजिस्टर आहे का, कुणाच्या नावावर आहे, ते विचारा. आमच्या गाळामालकाकडे नुसता एक मोबाइल नंबर निघाला, तोही बंद.

ती बाद झालेली झाडं त्यांनी परत दिली नाहीत. पण माझा फोटो त्यांच्याकडे आहे आणि अजून फिरतोय. परवा आत्याच्या सुनेनं सांगलीहून एक जाहिरात पाठवली. कंपनीचं नाव नवं, खाली ‘आमच्या यशस्वी ताई’. त्यात पिस्ता रंगाच्या पडद्यासमोर, हातात दोन कँडी ट्री घेऊन हसणारी बाई दिसली तर ती मी आहे. मला दीड हजार मिळाले होते हे खरं आहे. पुढचं त्यांनी छापलेलं नाही.