मेल लॉगने डिस्क भरली: रोटेट करायचं, जर्नलवर सोडायचं की दुसऱ्या मशीनवर पाठवायचं?

लॉग डिलीट केला, तरी डिस्क १०० टक्केच. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते. सर्व्हरवर आलेल्या-गेलेल्या मेलची नोंद ठेवणारा मेललॉग फुगून ३८ जीबीचा झाला होता. आरएम (फाइल डिलीट करायची कमांड) मारून तो उडवला, डिस्क किती भरली ते सांगणारं डीएफ पुन्हा चालवलं, आकडा जागचा हलला नाही. फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूच्या बेरजेत मात्र ते ३८ जीबी कुठेच नव्हते.

कारण साधं आहे, पण त्या वेळी सुचत नाही. फाइलचं नाव डिरेक्टरीतून गेलं, फाइल मात्र आरसिसलॉगने, म्हणजे लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रामने, उघडी धरून ठेवली होती. तो सोडत नाही तोवर कर्नल जागा मोकळी करत नाही. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफला ‘+एल१’ दिलं की अशा नाव गेलेल्या, पण अजून उघड्या फाइली दिसतात. आरसिसलॉग रीस्टार्ट केला आणि जागा सुटली. आरएमऐवजी ट्रंकेटने फाइल शून्यावर आणली असती, तर तेवढंही करावं लागलं नसतं.

खरा फटका सकाळी बसला. एकाने विचारलं, ‘परवा पाठवलेला मेल पोचला का?’ आणि सांगायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

म्हणून पर्याय निवडताना मी जागेपासून सुरुवात करत नाही. तुमच्याकडे ‘मेल आला नाही’ ही तक्रार किती दिवस उशिरा येते? दोन दिवसांनी, की हिशेब मिटवताना तीन महिन्यांनी? त्या आकड्यावर बाकीचं ठरतं.

घाई करू नका हेही आधीच सांगतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या क्यूसाठी (पुढे जायची वाट बघणाऱ्या मेलच्या रांगेसाठी) जागा कमी पडली की तो बाहेरून येणाऱ्या मेलला ४५२ हा तात्पुरता नकार देतो. मेसेजच्या कमाल आकाराच्या दीडपट जागाही उरली नाही, की हे सुरू होतं. मूळची मर्यादा साधारण १० एमबी आहे, म्हणजे १५ एमबीच्या आसपास. पाठवणारा सर्व्हर मेल स्वतःकडे ठेवून पुन्हा प्रयत्न करतो, आणि हार मानण्याआधी किमान चार-पाच दिवस थांबावं असं एसएमटीपीचं, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचं, मानक सांगतं. तुमचे स्वतःचे युजर ओरडतील, कारण त्यांना एरर लगेच दिसते. पण येणारा मेल त्या तासाभरात हरवत नाही. तेवढ्यात लॉग जीझिपने कॉम्प्रेस करत एसएसएचवरून दुसऱ्या मशीनवर नेता येतो, आणि मग इथला रिकामा करता येतो.

आता पर्याय. सर्वांत जुना आणि माझ्या मते बहुतेकांना पुरणारा म्हणजे लॉगरोटेट: चालू लॉग बाजूला काढून नवा सुरू करणारा आणि मुदत संपलेले उडवणारा प्रोग्राम. त्याचं गणित मांडून बघा: रोजचा लॉग ३०० एमबी असेल, तर ९० दिवसांचे २७ जीबी होतात. मेल लॉगमध्ये त्याच त्या ओळी पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे जीझिपने तो साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे तीनेक जीबी. तीन महिन्यांच्या उत्तरांसाठी ही किंमत काहीच नाही. कॉम्प्रेस केलेल्या फाइलींत झेडग्रेपने शोधताही येतं.

पण लॉगरोटेटच्या तीन खोड्या माहीत असू द्या. पहिली: तो बहुधा दिवसातून एकदाच चालतो. कुणाचा पासवर्ड चोरीला जाऊन सर्व्हरवरून स्पॅम सुटला, तर लॉग दुपारीच डिस्क खाऊन बसतो आणि लॉगरोटेट रात्री येतो. मॅक्ससाइझ (आकाराची मर्यादा) लावा, आणि मुख्य म्हणजे तो दर तासाला चालवा. नुसती मर्यादा लिहून ठेवली आणि ती बघायला कुणी आलंच नाही, तर तिचा उपयोग नाही. दुसरी: कॉम्प्रेस करताना नवी फाइल पूर्ण लिहून झाल्यावरच जुनी जाते. डिस्क ठासून भरलेली असताना लॉगरोटेट हाताने चालवला की तो इथेच अडतो. तिसरी म्हणजे कॉपीट्रंकेट. सोयीचा वाटतो म्हणून लोक तो सगळीकडे डकवतात. तो आधी आख्खी प्रत काढतो, म्हणजे तेवढीच जागा आणखी लागते. शिवाय प्रत काढणं आणि मूळ फाइल रिकामी करणं यांच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी जातात. आरसिसलॉगला सिग्नल देऊन नवी फाइल उघडायला लावता येत असताना मेल लॉगवर कॉपीट्रंकेट वापरायचं काही कारण मला दिसत नाही. एक्झिम हा दुसरा मेल सर्व्हर तर स्वतःचे लॉग स्वतः लिहितो आणि फाइलचं नाव बदललेलं त्याचं त्यालाच कळतं.

दुसरा पर्याय सिस्टमडीचं (लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं) जर्नल. डेबियन १२ पासून आरसिसलॉग आपोआप बसत नाही, त्यामुळे नव्या मशीनवर हा पर्याय तुम्ही न निवडताच मिळालेला असतो. डिस्क भरण्याच्या बाबतीत तो लॉगरोटेटपेक्षा नक्कीच शहाणा आहे: मूळ सेटिंगमध्ये फाइल सिस्टमच्या १० टक्के आणि फार तर ४ जीबी, याच्या पुढे तो जात नाही. अडचणीच्या वेळी जर्नलसीटीएलला व्हॅक्यूम-साइझ देऊन लगेच जागा करता येते. मात्र तो दिवस मोजत नाही, जागा मोजतो. गडबडीच्या एका दिवसात ढीगभर ओळी आल्या की मागचे आठवडे गुपचूप बाहेर पडतात, आणि नेमके तेच तुम्हाला हवे असतात. शिवाय एखाद्या सर्व्हिसने ३० सेकंदांत ठरलेली मर्यादा (मूळची १०,००० ओळी, डिस्कवर जागा मोकळी असेल तर त्याच्या काही पट) ओलांडली की तो पुढच्या ओळी गाळतो. गर्दीच्या सर्व्हरवर हल्ला चालू असताना हे सहज घडतं. लहान सर्व्हर आणि आठवड्याभराची आठवण पुरत असेल, तर जर्नल चालेल. मेलसाठी मी तेवढ्यावर राहत नाही. जर्नल ठेवूनच पोस्टफिक्सला थेट फाइलमध्ये लिहायला लावता येतं, आवृत्ती ३.४ पासून त्याच्यात ती सोय आहे.

तिसरा पर्याय लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायचा. तीनचार मेल सर्व्हर असतील तर निर्विवाद हाच, कारण एकाच मेलचा माग तीन मशीनवर काढण्यात दिवस जातो. मशीन घुसखोराच्या हाती गेली तरी आधी पाठवलेले लॉग त्याला पुसता येत नाहीत, हा वरचा फायदा. पण ‘दुसरीकडे पाठवलं की इथली डिस्क सुटली’ हे अर्धसत्य आहे. पोच न घेणाऱ्या यूडीपीने पाठवलं तर ओळी वाटेत पडतात आणि कुणाला कळतही नाही. पोच घेणाऱ्या टीसीपीने पाठवलं, पलीकडचं मशीन बंद पडलं आणि तुम्ही आरसिसलॉगचा क्यू (पाठवायच्या राहिलेल्या ओळींची रांग) नीट मांडलेला नसेल, तर आरसिसलॉग तुंबतो आणि त्याच्या मागे लॉग लिहायला थांबलेले मेलचे प्रोसेसही. क्यू डिस्कवर मांडला पण त्याला कमाल आकार दिला नाही, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न: इथलीच डिस्क भरली. एकच सर्व्हर सांभाळणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या मशीनची डिस्क भरल्याचा अलर्टही शेवटी त्यालाच येणार.

वेगळं पार्टिशन हा खरं तर पर्याय नाही, यांपैकी कशाच्याही जोडीला घालायची गोष्ट आहे. लॉग आणि मेलचा क्यू एकाच पार्टिशनवर असले की लॉगच्या चुकीची शिक्षा मेलला होते. वेगळे असले तर लॉग भरेल, नव्या ओळी जातील, मेल चालू राहील. नवं मशीन उभं करताना पाच मिनिटांचं काम आहे, चालू मशीनवर कटकटीचं. जागा शिल्लक दिसूनही ‘जागा नाही’ अशी एरर येत असेल, तर डीएफला ‘-आय’ देऊन आयनोड बघा (प्रत्येक फाइलला एक लागतो आणि त्यांची संख्या मर्यादित असते). एकेक मेल एकेका फाइलमध्ये ठेवणाऱ्या मेलडिरमुळे तेच संपलेले असू शकतात, आणि मग लॉग कितीही छाटून काही होत नाही.

एक अपवाद. यातलं काहीही मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या ट्रॅन्झॅक्शन लॉगला लावू नका. नाव लॉग असलं तरी तो डेटाबेसचा भाग आहे. हाताने फाइली उडवल्या तर डेटाबेस परत उभा राहणार नाही अशी वेळ येऊ शकते. तिथे पूर्ण बॅकअप नीट पार पडला की ते आपोआप छाटले जातात. ते साठत चालले असतील तर बॅकअप बंद पडलाय का, ते आधी बघा.

माझ्याकडे आता लॉगरोटेट दर तासाला चालतो, कॉम्प्रेस केलेले ९० दिवस राहतात, पार्टिशन वेगळं आहे. आणि ते ३८ जीबी? आठवड्यापूर्वी एका तक्रारीचा तपास करायला मी एसएमटीपीडीला (पोस्टफिक्सच्या मेल स्वीकारणाऱ्या भागाला) ‘-व्ही’ लावून सविस्तर लॉगिंग चालू केलं होतं. तक्रार त्याच दिवशी मिटली, ‘-व्ही’ काढायचं राहून गेलं.