चॅप्स, लगाम आणि नक्षीकाम: कोल्हापुरात कोणते कातडे निवडावे?

कोल्हापुरात घोडेस्वारी करणाऱ्या ज्या कोणाला चॅप्स, लगाम किंवा घोड्याच्या साजाचे पट्टे हाताने करायचे आहेत, किंवा ओळखीच्या कारागिराकडून करवून घ्यायचे आहेत, त्याने नमुना काढण्याआधी कातडे ठरवावे. पर्याय मुख्यतः तीन आहेत: बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेले स्थानिक कोल्हापुरी कातडे, कानपूरकडून येणारे तेलमेण मुरवलेले लगामी कातडे, आणि क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर, कमावलेले मऊ कातडे. चपलांच्या दुकानांची चप्पल लाईन आणि चप्पल कारागिरांचे सुभाषनगर हाताशी असलेल्या गावात पहिला कौल स्थानिक मालाकडे जाणे स्वाभाविक आहे. माझे मत असे की साजातील काही भागांसाठी तो कौल अगदी बरोबर आहे, पण चॅप्सच्या पायावरच्या मोठ्या तुकड्यासाठी तो चुकीचा आहे.

चॅप्स म्हणजे पॅंटवरून बांधायचे, बैठकीचा भाग उघडा ठेवणारे कातडी पाय. मेक्सिकोतील गुराख्यांनी काटेरी झुडपांतून घोडा हाकताना मांड्या सोलून निघू नयेत म्हणून ते वापरात आणले आणि पुढे अमेरिकेतील गुराख्यांनी ते उचलले. इंग्रजी पद्धतीच्या स्वारीत घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंतचे अर्धे चॅप्स आखूड बुटांवर घालतात. दोन्हींचे काम घर्षण सोसण्याचे आणि पकड देण्याचे आहे. वजन पेलण्याचे काम त्यांच्याकडे नाही, आणि कातड्याच्या निवडीत हाच फरक निर्णायक ठरतो.

पायासाठी क्रोम

रिकिबीत पाय ठेवून बसलेल्या स्वाराचा गुडघा सतत वाकलेला असतो आणि त्यामागे कातड्याची घडी एकाच जागी हजारो वेळा पडते. तिथे १.२ ते १.६ मिलिमीटर जाडीचे, मऊ, रंग न सोडणारे कातडे हवे. क्रोमवर कमावलेले कातडे क्षारांच्या द्रावणात दिवसा-दोन दिवसांत तयार होते आणि नंतर त्यात तेल मुरवलेले असल्यामुळे ते घडीवर तडकत नाही. घामाने किंवा पावसाने भिजून वाळले, तरी ते फारसे कडक होत नाही. खोगिराला लागणाऱ्या आतल्या बाजूस खडबडीत पोत बाहेर ठेवला, तर पकडही चांगली मिळते.

दुकानात ओळखण्याची खूण साधी आहे. कापलेली कड पाहावी. क्रोमच्या कातड्याचा गाभा बहुधा निळसर-करडा दिसतो, तर सालीवर कमावलेल्या कातड्याचा गाभा तपकिरी असतो. रंग आरपार मुरवलेला असेल तर कडेवरून कळत नाही, मग पाण्याचा थेंब टाकावा. सालीचे उघडे कातडे तो लगेच पिऊन गडद होते. मात्र वर मेण किंवा लेप चढवलेला असेल, तर या चाचणीवरही विसंबू नये.

कोल्हापुरी कातड्याची ताकद आणि मर्यादा

स्थानिक पद्धतीत चुन्यात भिजवून केस काढलेल्या कातड्याची पिशवी शिवतात, ती टांगतात आणि तिच्यात साल-हिरड्याचा अर्क भरतात. अर्क कातड्यातून पाझरून खाली येतो आणि तोच पुन्हा आत ओततात. या कामाला आठवडे लागतात. त्यातून निघणारे कातडे भरीव, ताठ आणि जमिनीच्या घर्षणाला पुरून उरणारे असते, कारण ते चपलेच्या तळासाठीच घडलेले आहे. चपलेचा तळ फारसा दुमडत नाही. उलट गुडघ्यामागची घडी या ताठ तंतूंना सोसत नाही आणि तेल कमी पडले की दाण्यावर, म्हणजे कातड्याच्या केसांकडच्या वरच्या पृष्ठभागावर, आधी बारीक रेषा, मग भेगा पडतात. शिवाय घामाने ओले झालेले सालीचे कातडे फिकट ब्रीचेसवर (घोडेस्वारीच्या घट्ट पॅंटवर) तपकिरी डाग सोडते, आणि ते डाग धुऊन निघतील अशी आशा धरू नये.

दुसरी मर्यादा दाण्याची आहे. मार्च २०१५ पासून गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू झाल्यामुळे इथल्या कारागिराच्या हातात येणारे कातडे मुख्यतः म्हशीचे असते. म्हशीचे कातडे जाड आणि दणकट असले, तरी त्याचा दाणा भरड असतो. पोटाकडचा भाग तर इतका सैल असतो की त्यातून काढलेला लांब पट्टा ओढ बसताच ताणतो. पट्टे काढायचे असतील, तर पाठीचाच भाग मागावा आणि दाणा आत ठेवून वाकवून पाहावा. बारीक, दाट सुरकुत्या पडल्या तर तुकडा घ्यावा. मोठ्या, पोकळ वाटणाऱ्या घड्या उठल्या तर तो सोडून द्यावा.

एवढे सांगूनही या कातड्याला माझ्या यादीत मानाची जागा आहे. पूर्ण चॅप्सचा कमरपट्टा, कमरेखालचा नक्षीचा जोड, स्परचे (टाचेला बांधायच्या काट्यांचे) पट्टे, बकलामागचे आधार, चाबकाची मूठ आणि घोड्याच्या गळ्यातील शोभेचा पट्टा या सगळ्या जागी ताठपणा हा गुणच ठरतो. वेणी गुंफण्याचे जे कसब कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावर दिसते, ते या पट्ट्यांवर कोणत्याही आयात साजापेक्षा देखणे उतरते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. २०१८ साली मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांत बनणाऱ्या कोल्हापुरी चपलेचे आहे, कातड्याचे नव्हे. त्यामुळे ‘अस्सल कोल्हापुरी लेदर’ अशा पाटीखाली चॅप्स विकले जात असतील, तर कातडे कशावर कमावले आहे हे वेगळे विचारावेच लागते.

लगाम, तंग आणि रिकिबीचे पट्टे

इथे वाद फारसा नाही. स्वाराचा जीव ज्यावर अवलंबून असतो ते पट्टे तेल, चरबी आणि मेण मुरवलेल्या, साडेतीन-चार मिलिमीटर जाडीच्या लगामी कातड्याचेच असावेत. १८६०च्या दशकात ब्रिटिशांनी लष्करासाठी खोगीर-साजाचा कारखाना कानपुरात उभारला, तेव्हापासून त्या शहराचा या कामात जम बसला आहे आणि कानपूरच्या खोगीरकामाला स्वतंत्र भौगोलिक मानांकनही आहे. अशा कातड्यावर कधीकधी पांढरट पापुद्रा दिसतो आणि नवखा ग्राहक त्याला बुरशी समजतो. तो आतून वर आलेला मेणचरबीचा थर असतो आणि कापडाने पुसला की जातो. क्रोमचे मऊ कातडे लगामाला वापरू नये, कारण ते ताणते आणि हाताला घोड्याच्या तोंडाचा नेमका अंदाज देत नाही. नुकतेच काम शिकणाऱ्याने तंग (खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळणारा पट्टा) आणि रिकिबीचे पट्टे स्वतः करू नयेत, ते विकत घ्यावेत.

नक्षीसाठी कोणते?

नक्षीच्या बाबतीत पर्याय लगेच गळतात. क्रोमचे कातडे ओले करून त्यावर ठसा ठोकला, तरी ते वाळता वाळता उसळून पुन्हा सपाट होते. लगामी कातड्यातील मेण पाणी आत शिरू देत नाही, म्हणून त्यावरही नक्षी नीट बसत नाही. राहते ते तेल न लावलेले, सालीवर कमावलेले कातडे. त्यातही दोन पोटपर्याय आहेत: आपले म्हशीचे कोल्हापुरी, आणि तमिळनाडूतून येणारे ‘ईस्ट इंडिया’ नावाने ओळखले जाणारे बारीक दाण्याचे कातडे, जे परंपरेने तरवडाच्या सालीवर कमावले जात असे.

अमेरिकी खोगिरांवर दिसणारी शेरीडन शैलीची नक्षी, म्हणजे वर्तुळात वळणाऱ्या वेलीत बसवलेली लहान-लहान फुले, काढायची असेल तर बारीक दाण्याचेच कातडे घ्यावे. वायोमिंगमधील शेरीडन या गावच्या डॉन किंग या कारागिराने ही शैली नावारूपाला आणली. तिचे सौंदर्य पाकळीच्या कडेला दिलेल्या बारीक सावलीत आहे आणि भरड दाण्यावर ती सावली हरवते. म्हशीच्या कोल्हापुरी कातड्यावर त्याऐवजी ठळक, भौमितिक ठसे, टोपलीच्या विणीसारखी नक्षी, किंवा आपल्या चपलेवर असतात तशी छिद्रांची जाळी उठून दिसते. परदेशी गुलाब ओढूनताणून बसवण्यापेक्षा मला ही जाळीच अधिक शोभते असे वाटते, आणि ती काढणारे हात इथे आहेत.

पद्धत दोन्हींना सारखीच आहे. कातडे पाण्याने पूर्ण ओलावून प्लॅस्टिकमध्ये रात्रभर गुंडाळून ठेवावे. सकाळी काढल्यावर पृष्ठभागाचा रंग जवळपास मूळ छटेवर येईपर्यंत थांबावे, कारण रंग परतला असला तरी आत ओल असते आणि ठसा तेव्हाच स्वच्छ उठतो. स्विव्हल नाईफने, म्हणजे फिरत्या पात्याच्या नक्षीच्या सुरीने, रेषा कापताना खोली जाडीच्या निम्म्याच्या आत ठेवावी. मग बेव्हलर या तिरक्या तोंडाच्या ठशाने रेषेची एक बाजू दाबावी, त्यानंतर पार्श्वभूमी आणि शेवटी पाकळ्यांवरचे सजावटीचे काप घ्यावेत. खाली लाकूड ठेवले तर ठोका मऊ बसतो. ओट्याचे काम करणाऱ्याकडून ग्रॅनाईटचा जाड तुकडा आणला की हा प्रश्न थोडक्यात मिटतो. पाणी लोखंडी भांड्यात ठेवू नये आणि ओल्या कातड्यावर लोखंडी खिळे वा कीस पडू देऊ नये. साल-हिरड्यातील टॅनिन लोखंडाशी मिळून निळेकाळे डाग पडतात आणि दोन दिवसांचे काम वाया जाते. याच कारणाने बकले आणि कड्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या निवडाव्यात.

शिवण हाताची की मशीनची?

चॅप्सच्या लांब, वजन न पेलणाऱ्या शिवणी जाड सुईच्या मशीनवर मारायला हरकत नाही. हाताने शिवलेल्याच असाव्यात हा आग्रह तिथे हौसेचा आहे. लगामाची गोष्ट निराळी. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक टाका तुटला की शेजारचे सैल होत जातात. हाताच्या खोगीर-टाक्यात मेण लावलेल्या एकाच दोऱ्याची दोन टोके दोन सुयांनी प्रत्येक छिद्रातून समोरासमोर जातात, म्हणून एक टाका तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. इंचाला सहा ते आठ टाके पुरेसे आहेत.

चपलेच्या कारागिराला आरी आणि रापी चालवायला शिकवावी लागत नाही, पण त्याची सवय कातडी वादीने शिवण्याची असते. वादीला मोठे छिद्र लागते आणि ओळीने पाडलेली मोठी छिद्रे लगामाच्या पट्ट्याला कमकुवत करतात. म्हणून दोरा आपण नेऊन द्यावा आणि छिद्राचा आकार आधी तुकड्यावर पाडून दाखवावा.

पूर्ण की अर्धे?

मैदानावर शिकणाऱ्याला अर्धे चॅप्स पुरतात. त्यांना सात-आठ चौरस फूट कातडे लागते, तर पूर्ण चॅप्सला वीस ते पंचवीस, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात पूर्ण चॅप्स नकोसे होतात. पन्हाळा किंवा जोतिबाच्या डोंगरउतारांवर करवंदीच्या आणि घाणेरीच्या जाळ्यांतून घोडा नेणाऱ्याने मात्र मांडी झाकणारेच घ्यावेत. मधला मार्ग म्हणजे गुडघ्याच्या थोडे खाली संपणारे, बाजूने मोकळे ‘चिंक्स’. त्यांत हवा खेळते आणि चेन (झिप) लावण्याची कटकटही नसते.

कारागिराला काम देताना दोन गोष्टी तोंडी न सांगता कागदावर लिहून द्याव्यात. पहिली मापाची: पोटरीचा घेर ब्रीचेस आणि बूट घालूनच घ्यावा, उंची गुडघा वाकवून मोजावी आणि अर्ध्या चॅप्सना वर दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवावे, कारण वापराने कातडे घोट्यापाशी घड्या घेऊन खाली उतरते. नवे असताना ते गुडघ्यामागे थोडे टोचले तर माप बरोबर आहे असे समजावे. चेन नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूस असावी. दुसरी गोष्ट पूर्ण चॅप्सच्या कमरपट्ट्याची: पुढे दोन बाजू जोडणारी नाडी मुद्दाम बारीक आणि कच्ची ठेवतात, म्हणजे पट्टा खोगिराच्या उंच मुठीत अडकला तर नाडी तुटते आणि स्वार लटकत राहत नाही. चांगला कारागीर सवयीने तिथे जाड, पक्की वादी ओवील, म्हणून तसे करू नये हे कागदावर ठळक लिहावे.