कोजी किट, १० महिने वापरून: सॉस झकास, तोटी भिकार

घरी सोया सॉस करायच्या या किटला जूनमध्ये एक स्टार देऊन हे लिहायला बसलो होतो. कारण एकच, तोटी.

किट २,३५० रुपयांचं: ८ लिटरची काचेची बरणी, २० ग्रॅम कोजीची (सोयाबीन-गहू आंबवणाऱ्या बुरशीची) पुडी, कापड, थर्मामीटर. सोयाबीन आमच्या औशाच्या रानातलं, ३३५ वाण. गहू घरचा लोकवन. तेव्हा (२०२४-२५) सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ आणि बाजारात त्याहून खाली, म्हटलं किलोभर तरी आपणच खाऊ.

पहिली खेप माझ्या चुकीने गेली. शिजवलेलं सोयाबीन, भाजून भरडलेला गहू, त्यावर बुरशी, सगळं थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून ठेवलं. थंडी होती म्हणून बल्ब रात्रभर चालू. बुरशी एकदा धरली की स्वतःच तापते, हे ध्यानातच आलं नाही. सकाळी ४३ अंश, दाण्यांना तारा सुटलेल्या, वास विचारू नका. उकिरड्यावर. दुसऱ्या वेळी १२ तासांनी बल्ब बंद केला, ३० अंशांच्या आसपास राखलं, मधूनमधून दाणे मोकळे केले. दोन दिवसांत पिवळसर-हिरवी लव आली. किलो सोयाबीन, किलो गहू, साडेतीन लिटर पाण्यात ८०० ग्रॅम खडे मीठ. मग रोज ढवळायचं, नंतर आठवड्यातून एकदा.

आता तोटी. बरणीच्या तळाला प्लॅस्टिकची. दुसऱ्या महिन्यात तिच्याभोवती मिठाचा पांढरा खडा धरला, तिसऱ्यात थेंब थेंब गळायला लागली. खाली वाटी. वाटीतलं रोज परत वर. कंपनीला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की खाऱ्या पाण्याने झालेली गळती वॉरंटीत बसत नाही. अहो, खारं पाणी घालायलाच विकता ना बरणी? अकरा मेल झाले, वॉशर आला नाही. बाजारातून स्टीलचा नट आणला, तो गंजला. आणि गळायची थांबली तेव्हा चोथा अडकून तुंबली म्हणून! जपानात हा काला कापडात घालून दाबतात. तळाशी तोटी द्यायची अक्कल कुणाची?

आई म्हणाली, "तोटी लावून लोणचं कुणी घालतं का रे?" आणि माळ्यावरची चिनी मातीची बरणी काढून दिली. एप्रिल-मेचं ऊन त्याच बरणीने खाल्लं. उन्हाने रंग उतरत नाही, चढतो.

इथून पुढचं ऑक्टोबरात लिहितोय. कापडातून पिळला, गरम केला, सव्वादोन लिटर निघाला. काळा नाही, तांबूस. विकतच्या बऱ्याच बाटल्यांचा काळेपणा कॅरॅमल रंगाचा असतो, हे लेबल वाचून कळलं. वास भाजलेल्या गव्हाचा, शेवटी किंचित गोड. फ्राइड राइस सोडा, वरणात चमचाभर घाला. राहिलेला चोथा थालीपिठात जातोय, वेगळं मीठ लागत नाही.

हिशेब: किट धरून लिटर हजाराच्या वर पडला. पण पुडीत अजून चारेक खेपांची बुरशी आहे आणि पुढची खेप सोयाबीन, गहू, मीठ मिळून शंभराच्या आसपास. म्हणून चार स्टार. पुडी सुटी मिळत असेल तर तीच घ्या, बरणी नको.

तोटी काढून कूलरच्या टाकीला लावली. तिथेही गळते.