मुळातून काढलेले की जिवाणूत घडवलेले? हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज निवडताना

एलायझासाठी (प्रतिपिंडाला जोडलेल्या विकराने आणलेल्या रंगावरून नमुन्यातला पदार्थ मोजणाऱ्या चाचणीसाठी) प्रतिपिंडाला विकर, म्हणजे एन्झाइम, स्वतःच्याच प्रयोगशाळेत जोडायचे ठरले, की हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज मुळातून काढलेले मागवावे की रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुक जिवाणूत घालून घडवलेले, हा प्रश्न येतोच. (आपल्या शेवग्यालाही इंग्रजीत हॉर्सरॅडिशचे झाड म्हणतात, हे विकर मात्र मोहरीच्या कुळातल्या एका वेगळ्याच वनस्पतीच्या मुळातले आहे.) माझ्या मते किमतीआधी जोडणीची पद्धत ठरवावी.

मुळातून मिळणारे विकर म्हणजे अनेक समविकरांचे (एकाच विकराच्या किंचित वेगळ्या रूपांचे) मिश्रण असते. त्यात ‘सी’ हा प्रकार प्रमुख असतो. त्याच्या सुमारे ४४ किलोडाल्टन वजनात १८ ते २२ टक्के वाटा शर्करेचा असतो आणि १९७४ पासून रूढ असलेली पेरआयोडेट पद्धत याच शर्करेवर चालते: शर्करेचे ऑक्सिडीकरण करून तयार झालेले अल्डिहाइड गट प्रतिपिंडातल्या लायसिन या अमिनो आम्लाशी जोडले जातात. ई. कोलाय या जिवाणूत घडवलेल्या विकरावर शर्कराच नसते, त्यामुळे हाताशी असलेली जुनी कृती त्याला जशीच्या तशी लावली, तर जोडणी होणार नाही. लायसिनवरून दोन प्रथिने जोडणाऱ्या ग्लुटारअल्डिहाइड या रसायनाचा मार्ग उरतो, पण विकराच्या ३०८ अमिनो आम्लांच्या साखळीत लायसिन अवघे सहा आहेत.

मग रिकॉम्बिनंट घ्यावे कशासाठी? एकच समविकर, ठाऊक असलेला अनुक्रम आणि हवा तो बदल करण्याची मुभा, अगदी प्रतिपिंडाच्या तुकड्याशी जनुकाच्या पातळीवरच सांधण्याचीही, हे त्याचे खरे बळ आहे. नमुन्यात वनस्पती-शर्करा ओळखणारे प्रतिपिंड किंवा कॉनकॅनाव्हॅलिन ए सारखे लेक्टिन (शर्करेला चिकटणारे प्रथिन) असेल, तर शर्करायुक्त विकर नको तिथे चिकटून खोटा रंग देते. अशा वेळी मी निःशंकपणे ई. कोलायचेच विकर निवडेन. मात्र ते जिवाणूत बहुधा न विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात साचते आणि हीम (विकराच्या गाभ्यातला लोहयुक्त गट) व कॅल्शियम देऊन त्याची घडी पुन्हा बसवावी लागते. उत्पादन कमी आणि भाव चढा राहतो, तो यामुळे. यीस्टमध्ये केलेले विकर या शर्करेच्या अडचणीवर उपाय नव्हे, कारण यीस्ट त्यावर मॅनोज या शर्करेचे भरघोस थर चढवते.

लेबलवरचा आरझेड आकडा, म्हणजे ४०३ आणि २८० नॅनोमीटरवरील शोषणाचे गुणोत्तर, ३ च्या आसपास असला की ग्राहक खूश होतो; पण तो हीमचे प्रमाण सांगतो, क्रियाशीलता नव्हे. विकराची क्रियाशीलता पायरोगॅलॉल आणि एबीटीएस अशा वेगवेगळ्या रंग देणाऱ्या रसायनांवर मोजतात; पायरोगॅलॉलवर मोजलेली एकके एबीटीएसवरच्या एककांशी ताडून पाहणे तर निरर्थकच आहे.

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत जुलैत फ्रीजमधून काढलेली कुपी घाईने उघडली आणि दमट हवेने तपकिरी भुकटी काचेला चिकटून बसली. तेव्हापासून कुपी सिलिका जेलच्या डब्यात खोलीच्या तापमानाला येईपर्यंत आम्ही झाकण उघडत नाही. साठवणीच्या बफरमध्ये सोडियम अझाइड नसल्याचीही खात्री करावी. ते दोन्ही प्रकारच्या विकरांना सारखेच मारते.