क्रूझच्या आदल्या रात्री मुक्काम कुठे: फोर्ट की अंधेरी?

मुंबईची क्रूझ दक्षिण मुंबईत, फोर्टजवळच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावरून सुटते. बाहेरगावहून विमानाने येणाऱ्यांना अंधेरीत विमानतळाशेजारी राहणं सोयीचं वाटतं. खोल्या ऐसपैस, लिफ्ट मोठी, रात्री उशिरा उतरलात तरी पाठ लगेच टेकते. पण खरी परीक्षा सकाळी असते. रिक्षा दक्षिण मुंबईत चालत नाहीत, त्यामुळे टॅक्सीच. ऑफिसच्या वेळी निघालात तर दीड तासही जाईल. मेट्रो-३ मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते, विमानतळावरून सीएसएमटीला थेट नेते. तिथून पुढे टॅक्सी आलीच. एका बॅगेला ठीक, आजी-आजोबा आणि चार सुटकेस असतील तर नकोच.

फोर्टमधली स्वस्त हॉटेलं जुन्या इमारतींत. लिफ्टमध्ये दोन माणसं नि एक बॅग, बस्स. पण धक्का काळ्या-पिवळ्या टॅक्सीने काही मिनिटांवर (जवळचं भाडं म्हणून एखादा नाक मुरडेल, दुसरी बघा). क्रूझचं चेक-इन दुपारी असेल तर बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये बेरी पुलाव खाऊन निघा.

माझं मत फोर्टला. परतताना मात्र रात्रीचं विमान असेल तर अंधेरीच बरी.